टिकतंय किती दिवस?

महादेवी अक्कांनी कुणाच्या दारात स्कूटर बंद केली आहे, असं मी कधी पाहिलं नव्हतं. त्या फाटकाशी येतात, एक पाय जमिनीला टेकवतात आणि गाडी चालूच ठेवून, तिच्या आवाजावर आपला आवाज चढवून बोलतात. बोलणं दोन मिनिटांचं असो की तासाभराचं. त्यामुळे अक्का आमच्याकडे येऊन काय म्हणाल्या, हे आम्हाला गल्लीत कुणाला सांगावं लागत नाही. सगळ्यांनी ते ऐकलेलंच असतं.

"अहो अक्का, पेट्रोल जळतंय," मी एकदा म्हणालो.

"बंद केली की परत सुरू होत न्हाय, मास्तर."

"मग दुरुस्तीला टाका."

"दुरुस्तीला टाकली तर बंद करावी लागंल की."

"आणि रोज सकाळी घरून कशी सुरू होते?"

"आमच्या दारात उतार हाय. हितं कुटं हाय उतार?"

आत येऊन चहा घ्या म्हटलं, तर त्या चहा फाटकावरच मागवायच्या, गाडीवर बसूनच प्यायच्या आणि कपबशी फाटकाच्या खांबावर ठेवून निघून जायच्या. आमची ही त्या खांबाला 'अक्कांचं टेबल' म्हणायची.

आता माझं सांगायचं तर मी मुळात बसणारा माणूस. चित्रकलेचा मास्तर म्हणून जन्म फळ्यापुढे उभं राहण्यात गेला. निवृत्त झालो त्या दिवशी व्हरांड्यात एक वेताची खुर्ची आणून टाकली आणि ठरवलं, आता उठायचं नाही. अशा माणसाच्या समोरच अक्कांसारखी बाई राहायला असावी, हे माझं नशीब. नुसतं त्यांच्याकडे बघूनच मला दमायला होतं.

अक्का कडक भाकरी करतात. ज्वारीची पातळ भाकरी थापून, भाजून, मग पुन्हा मंद आचेवर वाळवून पापडासारखी कडक करायची. वर शेंगाचटणी. सकाळभर तव्यापुढे आणि दुपारपासून स्कूटरला डबे अडकवून गावभर. आपल्या भाकरीचा त्यांना एकच अभिमान, तो म्हणजे ती टिकते. महिनोन् महिने टिकते. त्यामुळे जगातल्या कुठल्याही वस्तूबद्दल त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला, "टिकतंय किती दिवस?" आमच्या हिने नवा मिक्सर घेतला तेव्हा हा प्रश्न आला. मी पहाटे फिरायला जायचं मनावर घेतलं तेव्हाही आला. त्या वेळी मी रागावलो होतो, पण फिरणं आठवडाभरसुद्धा टिकलं नाही, हे खरं आहे.

भागीला बघायला हुबळीचं स्थळ आलं, तेव्हाही त्यांनी हेच विचारलं. सगळे पुरुष पगार विचारत होते, घर विचारत होते. अक्का स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाल्या, "ती कंपनी टिकतीय किती दिवस?" मुलगा जरा गोंधळला आणि म्हणाला, "तसं काही सांगता येत नाही, आत्या." अक्कांनी आत जाऊन आमच्या हिला सांगितलं, "खरं बोलतंय पोरगं. द्यायला हरकत न्हाय."

भागी म्हणजे भाग्यश्री, अक्कांची भाची. अक्कांचे यजमान लग्नाच्या दुसऱ्याच वर्षी गेले. दुधनीचं सासर सोडून त्या सोलापुरात आल्या, एक खोली आणि स्वयंपाकघर भाड्याने घेतलं आणि तवा मांडला. वळसंगला भाऊ शेती करतो. त्याने आपल्या पोरीला सहाव्या वर्षी अक्कांकडे आणून सोडलं. म्हणाला, शहरातली शाळा आहे, दोन वर्षं राहू दे. ती वीस वर्षं राहिली. ही स्कूटरसुद्धा तिला शाळेत सोडायला म्हणून घेतलेली. पुढे अक्का, मागे भागी आणि भागीच्या मांडीवर भाकरीचे डबे, असं चित्र आमच्या गल्लीने इतकी वर्षं पाहिलं आहे. भागी नोकरीला लागली, स्वतःची गाडी घेऊ शकत होती, तरी मागेच बसायची.

लग्न ठरल्यावर वळसंगची मंडळी कामं वाटायला अक्कांच्या खोलीत जमली. आम्ही दोघं शेजारी म्हणून होतो. साड्या आणि दागिने आईकडे. मांडव आणि जेवण वडिलांकडे. धारेला, म्हणजे कन्यादानाला, आई-बाप बसणार. मुलीला मांडवात मामा आणणार. रुखवत काकूकडे. अक्का चहा देत फिरत होत्या आणि प्रत्येक काम कुणाच्या तरी वाट्याला जाताना ऐकत होत्या. सगळं वाटून झालं. मग भागी वडिलांना म्हणाली, "अप्पा, रिसेप्शनला केक पाहिजे मला."

"केक? आपल्यात कुटं असतंय?"

"आता असतंय की, अप्पा. सगळेच कापतात."

अप्पांनी जरा विचार केला, खिशातून काही नोटा काढल्या आणि म्हणाले, "एवढ्यात बसंल तसला बघा. अक्का, ते तेवढं तू बघ."

अक्कांनी नोटा घेतल्या, चहाचा ट्रे तिथेच खाली ठेवला आणि गाडीची किल्ली शोधायला लागल्या. बैठक अजून संपायची होती.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी फाटकावर स्कूटर. मागे भागी. "मास्तर, चला. तुमी चित्रकलेचे. केकचं डिझाइन बघायचंय."

"मी कशाला? तुम्ही दोघी आहात की."

"आमाला काय कळतंय? उठा, उठा."

मी माझी जुनी मोपेड काढून त्यांच्या मागे निघालो. नव्या पेठेच्या अलीकडे यूसुफभाईंची बेकरी आहे, तिथे गेलो. तिथे गेल्यावर मला का आणलंय ते समजलं. चालू गाडीवर बसायला माणूस पाहिजे होता. अक्का आणि भागी आत गेल्या आणि मी, इलेमेंटरी-इंटरमीजिएटच्या परीक्षांना पिढ्या बसवलेला मास्तर, रस्त्याच्या कडेला घरघरणाऱ्या स्कूटरवर बसून राहिलो. शेवटी यूसुफभाईच फोटोंचा अल्बम घेऊन बाहेर आले.

"अंडं न्हाय न्हवं?" अक्कांनी पुन्हा विचारलं. आतही विचारून झालं असावं.

"एगलेस है, अक्का. तुम टेन्शन नक्को लेव."

"टिकतंय किती दिवस?"

"फ्रिज में दो दिन. बाहर दो घंटे. मई का महिना है."

"दोन तास?" अक्कांनी अल्बमातल्या केककडे असं बघितलं की मला त्या केकचीच कीव आली. "माझी भाकरी दिवाळीची संक्रांतीला खातात लोक."

पण केक चांगला होता. दोन मजल्यांचा, पांढरा, कडेने बारीक गुलाब, कुठे भडकपणा नाही. मी तसं सांगितलं. भागी म्हणाली, "मला आवडला." किंमत अप्पांनी दिलेल्या पैशांत बसत होती. मी मनातल्या मनात खुर्चीत जाऊन बसलोसुद्धा. तेवढ्यात अक्का गाडीवर बसत म्हणाल्या, "महाग हाय. बघू अजून." आणि निघाल्या.

तिथून जे सुरू झालं ते महिनाभर थांबलं नाही. मला पुन्हा कधी बोलावलं नाही, चालू गाडीवर भागीच बसायची, एवढंच बरं. पण रोज संध्याकाळी दोघी निघायच्या आणि परत येताना फाटकावर थांबून अहवाल द्यायच्या. आज सात रस्ता. आज विजापूर रोड. आज जुळे सोलापूर. एकीकडचा केक फार गोड. दुसरीकडचा फिका. एका ठिकाणी चव बघायला तुकडा दिला, पण चमचा प्लास्टिकचा. एका बेकरीत पोरगी सारखी मोबाइलमध्ये बघत होती, "लक्ष न्हाय तिचं, ती काय केक करणार." एकाने दुसरा तुकडा पुढे केला तर अक्का "साकु, साकु" म्हणजे कानडीत 'पुरे, पुरे' म्हणत बाहेर आल्या. कारण विचारलं तर म्हणाल्या, फुकट एवढं देतोय म्हणजे माल जुना असणार.

एकाने स्वस्तात तीन मजली केक दाखवला. खालचे दोन मजले थर्माकोलचे, वरून क्रीम लावलेले, आणि फक्त वरचा मजला खरा. फोटोत ओळखू येत नाही, असं त्याने अभिमानाने सांगितलं.

"म्हंजे खाली डबा आणि वर केक?" अक्का फाटकावरून ओरडून आम्हाला सांगत होत्या. "मी त्याला म्हणलं, पोरीच्या लग्नात पाया खोटा घालतोस व्हय रे?"

भागी मागे बसून हसत होती. तिला कंटाळा आलेला दिसत नव्हता. मला मात्र आला होता. रोज संध्याकाळी स्कूटरचा आवाज आला की मी वर्तमानपत्र तोंडापुढे धरायचो. लग्न पंधरवड्यावर आलं, मग आठवड्यावर. पत्रिका वाटून झाल्या, साड्यांना फॉल लागले, कार्यालयवाल्याला कूलर सांगून झाले, केक मात्र ठरेना. मी खुर्चीत बसून हिशेब करायचो की अजून किती बेकऱ्या उरल्या. आमची ही रात्री कूस बदलत म्हणायची, "अहो, त्या पोरीने एकच गोष्ट मागितली आणि अक्का दोन पैशांसाठी तीही होऊ देईनात." बसणारा मी, पण मलाही बसवेना.

शेवटी लग्न चार दिवसांवर आलं आणि हिने मला उठवलंच. "जा. तो पहिला केक सांगून या. पैसे आपण भरू. अक्कांना नंतर सांगू."

मी मोपेड काढली आणि यूसुफभाईंकडे गेलो. भाग्यश्रीच्या लग्नाचा केक, दोन मजली, पांढरा, असं सांगायला सुरुवात केली. त्यांनी मला मधेच थांबवलं.

"मास्तर, वो तो बुक है ना."

"कधी?"

"उसीच दिन. तुम लोगां गये, बाद में अक्का अकेली वापस आयी. पूरा पैसा दिया. मेरे कू बोली, किसीकू बोलना नक्को." मग त्यांनी इकडेतिकडे बघितलं आणि आवाज खाली आणला. "रोज शाम कू सामने से जाती. पीछे वो बच्ची रैती. मेरे कू देख के अक्का मुंडी फिरा लेती."

मी दुकानाच्या पायरीवर बसलो. यूसुफभाईंनी पाणी दिलं. महिनाभराच्या सगळ्या बेकऱ्या माझ्या डोळ्यांपुढून गेल्या. प्लास्टिकचा चमचा, मोबाइलवाली पोरगी, थर्माकोलचे मजले. केक पहिल्याच दिवशी ठरला होता. अक्का केक शोधत नव्हत्याच. लग्नाचं प्रत्येक काम कुणाकुणाकडे गेलं होतं, त्यांच्याकडे हे एकच होतं, आणि ते संपेपर्यंत भागी रोज संध्याकाळी त्यांच्या मागे बसणार होती. म्हणून त्यांनी ते संपूच दिलं नाही. मला खरोखर गलबलून आलं, आणि हिच्यावर आणि माझ्यावर रागही आला. दोन पैशांसाठी म्हणे.

घरी येतो तर भागी हेल्मेट हातात घेऊन अक्कांच्या दारात उभी. हाताला मेंदीची नमुन्याची नक्षी होती. अक्का आत डबे भरत होत्या. मी हळूच जवळ गेलो आणि म्हणालो, "भागी, तुला एक सांगायचं होतं. तो केक..."

"माहितीये, काका."

"काय माहितीये?"

"बुक आहे ते. यूसुफभाईंचा फोन आला होता मला, केकवर नाव कसं घालायचं विचारायला. त्याला झाले की बरेच दिवस."

"मग रोज कशाला फिरतेस या उकाड्यात?"

तिने माझ्याकडे बघितलं. "आज होटगी रोडला जायचं म्हणतीये आत्त्या," ती म्हणाली आणि हेल्मेट घातलं.

अक्का डबे घेऊन बाहेर आल्या, उतारावरून गाडी सोडली, ती सुरू झाली, भागी मागे बसली आणि दोघी गेल्या. मला तेव्हा आठवलं की भागीला लहानपणापासून गोड आवडत नाही. दिवाळीला आमच्याकडे फराळाला आली की ती फक्त चिवडा खायची. त्या बैठकीत तिने केक मागितला तेव्हा हे माझ्या ध्यानात कसं आलं नाही, कोण जाणे.

घरी हिला सगळं सांगितलं. तिने गॅस बारीक केला. मग म्हणाली, "आपण काही बोलायचं नाही हं." त्या संध्याकाळी फाटकावर होटगी रोडचा अहवाल आला. क्रीम पिवळट होतं. आम्ही दोघांनी माना हलवल्या आणि हिने "होय का?" असंही विचारलं.

लग्न दुपारी होतं आणि रिसेप्शन संध्याकाळी, त्याच कार्यालयात. धारेच्या वेळी अक्का मांडवात कुठेच नव्हत्या. त्या मागे भटारखान्यात कूलरची तोंडं कुठल्या बाजूला करायची ते सांगत होत्या. केक आला तसा त्यांनी तो ताब्यात घेतला. दोन कूलर त्याच्याकडे वळवले, त्यामुळे नवरा-नवरी घामाने निथळत होती आणि केक मात्र गारव्यात होता. अक्का शेजारी पदराने माशा वारत उभ्या. त्यांना बसा म्हणायचं कुणाच्या मनातही आलं नाही.

घोटाळा केला तो अक्कांच्या सासरच्या, दुधनीच्या मंडळींनी. त्यांची गाडी वाटेत बंद पडली, त्यामुळे दुपारच्या अक्षता त्यांना चुकल्या. ऐन रिसेप्शनला ती मंडळी घाईघाईने आत आली. लग्न चुकलं याची सगळ्यांना चुटपुट होती. दाराशी दुपारच्या अक्षतांचं ताट तसंच पडलं होतं, त्यातून प्रत्येकाने मूठ भरून घेतली. इकडे स्टेजवर नवरा-नवरीने सुरीला हात लावला आणि फोटोग्राफर ओरडला, "रेडी, सगळ्यांनी इकडं बघा, आता!" दुधनीच्या एका म्हातारीला वाटलं, हाच मुहूर्त. तिने "शुभ मंगल" म्हणत मूठ उधळली. तिचं बघून सगळ्या दुधनीने उधळली. मग दुपारी एकदा उधळून झालेल्या लोकांनाही राहवलं नाही, त्यांनी खालच्या उचलून पुन्हा टाकल्या.

पिवळ्याधमक अक्षता मऊ क्रीममध्ये जाऊन बसल्या. गुलाब दिसेनात. वरपक्षातली एक मुलगी "अय्यो, केक" म्हणून किंचाळली. अप्पांनी कपाळाला हात लावला. मी अक्कांकडे बघितलं. त्यांच्या वाट्याला आलेलं हे एकच काम, आणि त्याची ही दशा.

अक्का पुढे आल्या. एक अक्षता बोटाने क्रीममधून काढायला गेल्या आणि थांबल्या. "राहू द्या," त्या म्हणाल्या. "आता आपल्यातला वाटतोय." मग भागीकडे वळून, "काप, कापून घे लवकर. दोन तास होत आले."

भागीने कापला. पहिला तुकडा नवऱ्याला, आणि दुसरा तिने अक्कांच्या तोंडापाशी धरला. अक्का "तू खा, तू खा" म्हणत मागे सरकल्या आणि कूलर बंद करायला गेल्या. कूलर बंद करायला त्यांना बराच वेळ लागला.

त्यानंतर कितीतरी दिवस फाटकावर स्कूटर आली नाही. भाकरीचे डबे घेऊन अक्का जायच्या-यायच्या, पण आमच्याकडे बघायच्या नाहीत. संध्याकाळी गल्ली इतकी शांत वाटायची की मी खुर्चीत बसून उगाच रस्त्याकडे बघायचो. महिनाभर मी त्या आवाजाला वैतागलो होतो, आता तो नाही म्हणून अस्वस्थ.

मग एके दिवशी दिवेलागणीला आवाज आला. फाटकाशी आला आणि बंद झाला.

आम्ही दोघंही दचकून बाहेर आलो. अक्का गाडी स्टँडला लावत होत्या. हातात एक स्टीलचा डबा. त्या आत आल्या, व्हरांड्याच्या पायऱ्या चढल्या आणि चपला घालूनच माझ्या खुर्चीत बसल्या. मी उभाच राहिलो.

"यूसुफ म्हणला हुता, दोन दिवस," त्यांनी डबा उघडला. "खाऊन बघा. अजून हाय की."

केकचा तुकडा होता. फ्रिजमध्ये राहून राहून कोरडा ठक्क झालेला. मी तोंडात घातला. दाताखाली अक्षता आली. "चांगला आहे," मी म्हणालो, आणि तो मला चांगला लागलाही.

"भागीचा फोन आलता," अक्का रस्त्याकडे बघत म्हणाल्या. गाडी बंद असल्यामुळे आमच्या दारात त्यांचा खरा आवाज मी पहिल्यांदाच ऐकत होतो. तो बराच लहान होता. "म्हणली, आत्त्या, हुबळीत लई बेकऱ्या हायत. लग्नाच्या पहिल्या वाढदिवसाला केक लागंल. आत्तापासनं बघायला लागायचं. ये म्हणली."

"मग जा की," ही म्हणाली.

"वर्षभर हाय अजून, वैनी." त्यांनी डब्याचं झाकण उलटंसुलटं केलं. "पोरीला कळलं हुतं व्हय हो, मास्तर?"

"काय कळलं होतं?" मी म्हणालो.

अक्कांनी माझ्याकडे बघितलं, मग हिच्याकडे. पदराने तोंड पुसलं, डबा बंद केला आणि उठल्या. "चला, भाकऱ्या पोचवायच्या हायत." सवयीने भराभरा फाटकापर्यंत गेल्या.

गाडी सुरू झाली नाही. त्यांनी किक मारून बघितली, चोक ओढून बघितला. मी थोडी ढकलून दिली. आमच्या दारात खरोखरच उतार नाही. स्कूटर नुसती खोकायची आणि थांबायची. घामाघूम होऊन अक्का माझ्याकडे वळल्या. "मी सांगत न्हवते? बंद केली की सुरू होत न्हाय."

मग त्यांनी मागच्या रिकाम्या सीटवरून एकदा हात फिरवला, किल्ली काढून घेतली, परत पायऱ्या चढून आल्या आणि आमच्या दाराशी चपला काढल्या.

"वैनी," त्या म्हणाल्या, "जेवायला काय केलंय?"